मेंढरांना दाखवलेली जमीन

मुलांनो, असं समजा की तुमच्या घराला दारच नाही. भिंती दोरीच्या जाळीच्या, त्यांना वाघर म्हणतात. आत सव्वाशे मेंढरं, बाहेर तुम्ही, आई-वडील, आजोबा, एक घोडी आणि एक कुत्रं. डोक्यावर आभाळ. दर आठ-दहा दिवसांनी ही भिंत गुंडाळायची, घोडीच्या पाठीवर टाकायची आणि पुढच्या रानात जाऊन पुन्हा उभी करायची. वर्षातले आठ महिने असं. उरलेले चार महिने वाडीतल्या खोपीत. तिच्याही तोंडाला पत्रा उभा करायचा आणि वाऱ्यानं पडू नये म्हणून त्याला बाहेरून दगड लावायचा. समजलं? आता असंही समजा की एक माणूस येतो आणि म्हणतो, तुम्हाला पक्कं घर मिळेल, त्याला लोखंडी दार असेल, आणि दाराला आतून कडी असेल. फक्त त्यासाठी हे राज्य सोडून पलीकडच्या राज्यात राहायला यावं लागेल.

क्रांतीला असा माणूस भेटला, तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि पाचवीत होती.

वाडी जत तालुक्याच्या पार पूर्वेला. तिथं आधी पाण्याचा ठणठणाट होता, आणि जोवर ठणठणाट होता तोवर मेंढरांना जागा होती. माळ उघडा, पडीक रानं उघडी. मग कॅनॉलचं पाणी आलं. सगळी वाडी दिवाळीसारखी नाचली. क्रांतीचा आजा कोंडीबासुद्धा नाचला. दोन वर्षांत माळावर डाळिंब उभी राहिली, बांधाबांधाला तारा लागल्या, आणि मेंढरांना चालायला राहिली ती डांबरी सडक.

"पानी आलं आन् आपली वाट ग्येली," कोंडीबा म्हणायचा. "तान्हेली व्हती तवा जमीन आपली व्हती."

त्या वर्षी दिवाळी सरली तरी तानाजीनं, म्हणजे क्रांतीच्या बापानं, घोडी लादली नव्हती. दरवर्षी ह्या वेळेला ते पश्चिमेला कृष्णाकाठाकडं निघत. ह्या वर्षी तो सकाळी उठून घोडीच्या पाठीला खरारा करायचा, खोगीर बाहेर काढायचा, पुन्हा आत ठेवायचा. मंगलचं, क्रांतीच्या आईचं, तसंच. भांडी बांधायची आणि संध्याकाळी भाकरीला तवा लागला की सोडायची. कुणाचा पाय एका जागी ठरत नव्हता.

अशात दोन कोकरं शेजारच्या आप्पासोच्या डाळिंबात शिरली.

फार काही खाल्लं नव्हतं. तारेखालून गेली आणि तिथंच अडकून ओरडत बसली. पण आप्पासो बागेत होता आणि फवारणीला आलेली आठ-दहा माणसं होती. मंगल आणि क्रांती धावत गेल्या तेव्हा त्यानं कोकरं सोडली नाहीत. पायांखाली धरून ठेवली.

"मेंढरं राखता का चोऱ्या करता?" तो म्हणाला.

"चुकलं मालक. ल्हान जीव हायती," मंगल म्हणाली.

"ल्हान जीव माज्या तारंखालनंच बरं जात्यात. हितनं फुडं माज्या बांधाला चरायचं असंल तर आदी इच्यारायचं. आन् फुकट न्हाई."

फवारणीवाल्यांतला एक हसला. मंगलनं दोन्ही कोकरं उचलून पदराखाली घेतली. क्रांतीला आईच्या मानेवरची शीर उडताना दिसली. ह्याच आप्पासोचा बाप, आजा सांगायचा, टोपी काढून खोपीशी यायचा. म्हणायचा, कोंडीबा, चार राती माज्या रानात मेंढरं बसीव, खत पडू दे, पोतंभर ज्वारी देतो. आता खत गोणीतून येत होतं.

"आवं, लवकर काय ते ठरवा," त्या संध्याकाळी मंगल नवऱ्याला म्हणाली. "जायाचं तर जाऊ. न्हायतर ऱ्हाऊ. पर असं उंबऱ्यात हुबं ऱ्हायला मला जमायचं न्हाई."

"उंबरा कुठाय आपल्याला," तानाजी म्हणाला, आणि पत्र्याला दगड लावायला उठला.

त्याच आठवड्यात बिरदेव मोटारसायकलवरून आला. बिरदेव मंगलचा धाकटा भाऊ. चार वर्षांपूर्वी त्यानं आपली मेंढरं विकली होती आणि हद्दीपलीकडं, कर्नाटकात, जमीन घेतली होती. तो यायचा तेव्हा क्रांतीला चिक्कीचा पुडा आणायचा आणि बोलायला लागला की थांबायचाच नाही. जणू वर्षभराचं बोलणं साठवून आणलंय.

"दाजी, हितं तुमचं एक एकर. कॅनॉलच्या कडंचं. आप्पासो मागतोय नव्हं? द्या त्येला. त्येवढ्यात तिथं चार एकर येतंय. चार. वर हीर. पान्यानं भरल्याली. माज्या बांधाला बांध."

"आन् मेंढरं?" तानाजीनं विचारलं.

"इकायची की. मेंढरं किती दिस वडायची? क्रांतीनं किती शाळा बदलल्या?"

"पाच," क्रांती म्हणाली. "एकीत तर नावच घातलं न्हाई."

"बघा. तिथं मराठी शाळा हाय, दोन मैलावर. आन् घर म्हंजे घर. शिमिटाचं. लोखंडी दार. आतनं कडी."

क्रांतीनं चिक्की तोंडात तशीच ठेवली. कडी कशी असते हे तिला माहीत होतं. कृष्णाकाठच्या लोकांच्या घरांना असायची. शेतमालकाच्या बायका बोलता बोलता सहज ती सरकवायच्या. खट्‌ असा आवाज यायचा. क्रांतीला वाटायचं, हा आवाज आपल्या हातानं एकदा काढावा आणि आत बसून राहावं. कुणी विचारलं नाही तरी तिनं मनात ठरवून टाकलं. जायचं.

तानाजीचंही जवळजवळ ठरलं होतं. मंगलचं ठरत नव्हतं. भाऊ जवळ येणार म्हणून तिचा जीव तिकडं ओढत होता आणि कॅनॉलच्या कडेचा एकर सुटणार म्हणून इकडं. अडलं ते कोंडीबापाशी.

"जमीन मेंढरास्नी दावल्याबिगर घ्येयाची न्हाई," म्हातारा म्हणाला. "माज्या बानं घेतली न्हाई, मी घेतली न्हाई. मेंढरू जिथं राजीखुशीनं बसतं ती जमीन खरी. जिथं उभ्या उभ्या वरडतं, तिथं सोन्याची खाण असली तरी नगं."

"आण्णा, मेंढरंच इकायची हायती, त्यास्नी काय इच्यारता?" तानाजी म्हणाला.

"इकायच्या आदी इच्यारतो. शेवटचं."

म्हणून ते मेंढरं घेऊन निघाले. पश्चिमेला नाही, पूर्वेला. दोन दिवसांची चाल. पुढं तानाजी, त्याच्या कुकारीवर, म्हणजे हाकेवर, चालणारी म्होरकी मेंढी, मागं सगळा काळा लोंढा, घोडीच्या लगामाला मंगल, आणि सगळ्यांत मागं, मागं पडणारी कोकरं हाकत, क्रांती आणि आजा. सडकेला ट्रक यायचे आणि कर्कश हॉर्न वाजवायचे. मेंढरं दचकून एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालायची. ऊन तिरपं, वारा कोरडा; ओठ चाटले की आणखीनच फुटायचे. पहिल्या रात्री ते एका बांधाला थांबले आणि तिथल्या माणसानं पहाटेच उठवून हाकललं.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्रांतीनं विचारलं, "आजा, हद्द कुठाय?"

"ग्येली की मगाशी."

तिनं मागं वळून बघितलं. तशीच सडक, तशाच बाभळी. फक्त कडेच्या दगडावरची अक्षरं गोल झाली होती आणि तिला ती वाचता येत नव्हती. पाच शाळांत मिळून शिकलेलं सगळं त्या दगडापाशी संपलं. तिला जरा भ्यायला झालं. मग तिला कडी आठवली आणि ती भरभर चालायला लागली.

जमीन चांगली दिसत होती. परतीचा पाऊस तिकडं उशिरापर्यंत पडला होता. चारही एकरांवर गवत होतं. एका अंगाला उतार, उतारात विहीर, विहिरीत दोन माणसांच्या उंचीएवढं खाली काळंशार पाणी. बिरदेव मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी फिल्टरच्या पाण्याचे जार बांधून वाट बघत उभा होता. जमिनीचा मालक बसगोंडा, साठीतला, डोक्याला पटका बांधलेला, बाभळीच्या सावलीत पानाची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. त्याला मराठी कळायचं, पण तो कमी बोलायचा.

तानाजीनं शीळ घातली आणि मेंढरं सोडली.

ती शिरली. आधी विखुरली, नेहमीसारखी. मग म्होरकी मेंढी उतारानं खाली गेली, विहिरीच्या अंगाला, आणि मान खाली घालून तिथंच थांबली. बाकीची तिच्यामागं. अर्ध्या तासात सव्वाशेच्या सव्वाशे मेंढरं त्या उतारात दाटली. चरत होती, मधूनच नुसतीच जमिनीला तोंड लावत होती, आणि मग एकेक करून पाय मुडपून बसायला लागली. दोन दिवस ट्रकांना भ्यालेली जनावरं अशी बसली, जशी काय जन्मापासून तिथंच आहेत.

कोंडीबानं काठी जमिनीत रोवली. त्याचा म्हातारा चेहरा उजळला. "तानाजी, बग. माती चाटायलीत. मातीत गोडी असल्याबिगर मेंढरू माती चाटत न्हाई. घ्ये ही जमीन."

"म्या काय सांगत हुतो?" बिरदेव म्हणाला.

तानाजीनं खाली वाकून चिमूटभर माती उचलली आणि तळहातावर अशी पसरली, जशी ती त्याचीच झाली. बसगोंडानं खिशातून सुपारी काढली. रीत अशी, की व्यवहार ठरला की दोन्ही बाजूंनी बसून चहा घ्यायचा आणि मग सुपारी फोडायची. सुपारी फुटली की शब्द फिरवायचा नाही.

"मंगे, च्या टाक," तानाजी म्हणाला. "क्रांते, दूद काढ शेरडीचं."

कळपात तीन शेरड्या होत्या. त्यांतली दुभती उतारात मेंढरांच्या मधोमध बसली होती. क्रांती तांब्या घेऊन गेली. शेरडीला उठवताना तिचा हात जमिनीला टेकला आणि बोटांना काहीतरी बारीक, कुरकुरीत लागलं. तिनं गवत बाजूला केलं. गवताच्या मुळाशी माती पांढरी होती. पीठ सांडल्यासारखी.

तिनं बोट जिभेला लावलं.

मुलांनो, क्रांतीनं ही चव आधी घेतली होती. गेल्या वर्षी वाळव्याकडं, हंबीरराव नावाच्या एका बागायतदाराच्या रानात त्यांची मेंढरं बसली होती. तिथंही ती अशीच रात्रभर माती चाटत राहिली होती, आणि सकाळी हंबीरराव बांधावर येऊन आपल्या गुडघ्याएवढ्या पिवळ्या उसाकडं बघत उभा होता. उसाच्या पट्ट्यात पाणी देऊन देऊन रानाला मीठ फुटलेलं. 'मेंढराला ग्वाड लागतंय बाई,' तो क्रांतीला म्हणाला होता, 'पर माज्या उसाला इष हाय. आज्ज्याच्या येळंला ह्या रानात गूळ पिकायचा.' तेव्हा तिनं कुतूहलानं बोट लावून बघितलं होतं.

दूध काढून झाल्यावर ती चुलीजवळची रिकामी कळशी घेऊन विहिरीवर गेली. पायऱ्या उतरून ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. शेवाळाची चव नव्हती. मिठाची होती.

तिथंच, शेवटच्या पायरीवर, ती बसली. वरून बोलण्याचा आवाज येत होता. बिरदेवमामा शाळेच्या व्हॅनबद्दल सांगत होता. आजा सांगत होता ते खोटं नव्हतं. मेंढरांना ही जमीन आवडली होती. मेंढरांना खारंच आवडतं. आजा स्वतःच त्यांना मिठाचा खडा चाटवायचा. आजानं आयुष्यभर जमीन मेंढराच्या तोंडानं बघितली आणि कधी चुकला नाही, कारण त्याला जमिनीत फक्त मेंढरं बसवायची होती. पण आता मेंढरं विकून ही जमीन घ्यायची होती. मग ती चाटणार कोण?

आपण काही बघितलं नाही, असं क्रांती म्हणू शकत होती. कुणी तिला विचारलंही नव्हतं. चहा होईल, सुपारी फुटेल, महिन्याभरात शिमिटाचं घर. पेरलेली ज्वारी करपेल, पण ते पुढच्या वर्षी. खट्‌ असा आवाज तिच्या कानात आला. तिनं दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरले. मग तिला आईच्या मानेवरची ती शीर दिसली. एकर आप्पासोला गेल्यावर, ज्वारी करपल्यावर, आईला पुन्हा कुठल्या तरी बांधावर कुणापुढं तरी उभं राहावं लागेल. आणि तेव्हा पदराखाली घ्यायला कोकरंही नसतील.

सांगायला गेलं तर कोण ऐकणार? पोरीनं बोलायचं नसतं. आणि मेंढरांपुढं पोरीचं काय?

ती उठली. दुधाचा तांब्या एका हातात, दुसऱ्या हातात विहिरीतून भरून घेतलेली कळशी.

तीन दगडांच्या चुलीवर मंगल जाळ करत होती. "सरक, मी करती," क्रांती म्हणाली. पातेल्यात तिनं कळशीतलं पाणी ओतलं. चहापूड टाकली, साखर टाकली. उकळी आल्यावर दूध सोडलं. क्षणभर रंग नीट आला, आणि मग दूध फाटलं. बारीक गुठळ्या गरगरत वर आल्या.

मंगल वाकली. तिनं पातेल्यात बघितलं, कळशीकडं बघितलं, मग मोटारसायकलजवळच्या जारांकडं. दोन्ही जारांची झाकणं तशीच बंद होती.

"जार उघडला न्हाईस?" ती हळूच म्हणाली.

"न्हाई."

मंगल बराच वेळ लेकीच्या तोंडाकडं बघत राहिली. बाभळीखाली बिरदेव हसत होता. तिचा एकुलता एक भाऊ. तिनं पदरानं हात पुसले.

"वत," ती म्हणाली.

क्रांतीनं चार कप भरले आणि पुरुषांपुढं ठेवले. बसगोंडानं आपल्या कपाकडं नुसतं बघितलं, हात लावला नाही. तानाजीनं घोट घेतला आणि तो तोंडात तसाच धरून बसला. कोंडीबानं मोठा घोट घेतला.

"ह्यो च्या खारा हाय गं," म्हातारा म्हणाला. "साकरंच्या जागी मीठ घातलंस व्हय?"

"न्हाई, आजा. साकरच हाय. पानी हिरीचं हाय."

तानाजीनं घोट बाजूला थुंकला आणि हातावरची माती झटकून टाकली. त्यानं बिरदेवकडं बघितलं. बिरदेवनं मान खाली घातली होती आणि तो फाटलेला चहा तो घोट घोट करून पीत होता, औषध प्यायल्यासारखा. कप रिकामा करूनच त्यानं खाली ठेवला.

"तुला ठावं हुतं," तानाजी म्हणाला.

"माज्या रानाला बी ह्येच पानी हाय," बिरदेव म्हणाला. "पावसावर एक पीक येतंय, बरं. दुसऱ्याला पानी दिलं की संपलं."

"माजं एकर बुडवत हुतास तू. म्हेवणा म्हणायचं तुला?"

"म्हणू नगा."

"का पर?" हे मंगलनं विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता.

बिरदेवनं तिच्याकडं बघितलं नाही. "आक्का, तुजी भावजय वर्सातनं सहा म्हयने म्हायारी ऱ्हाती. हितली मानसं वंगाळ न्हाईत. बोलत्यात, हसत्यात. मला कन्नड बी येतंय, बाजार करतो, तलाठ्याशी बोलतो. पर भांडायला येत न्हाई त्यात. चार वर्सं झाली, मी कुनासंगं भांडलो न्हाई. म्हनलं, तुमी आलासा तर... दोगं मिळून हिरीचं कायतरी करू."

बसगोंडानं सुपारी पुन्हा खिशात ठेवली. उठताना तो कोंडीबाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मला इच्यारला असता तर सांगितला असता. कुनी इच्यारला नाही." आणि पायवाटेनं निघून गेला.

कोंडीबा मेंढरांकडं बघत होता. ती अजून उतारात सुखानं बसली होती. "मेंढरांनी खोटं सांगितलं न्हाई," तो म्हणाला. "त्यास्नी त्यांचंच इच्यारलं हुतं. आपलं आपुन इच्यारलंच न्हाई." तानाजीनं बापाच्या हातातला कप काढून घेतला.

"आता?" मंगलनं विचारलं.

"आता काय. उद्या माघारी. मग कृष्णाकाठ." तानाजी उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. "फुडच्या साली बगू. ऱ्हायचं का जायचं, फुडच्या साली." तो मेंढरं उठवायला उतारानं निघाला. मागं न बघता तो एवढंच म्हणाला, "पोरीला म्हनावं, च्या चांगला केला."

क्रांतीनं ते ऐकलं. तिला बरं वाटलं नाही. तिला सहावी शाळा दिसत होती, किंवा न-शाळा, आणि त्यापुढं जाळीची भिंत. बिरदेवमामा बाभळीच्या बुंध्याला टेकून एकटा बसला होता. मंगलसुद्धा त्याच्याजवळ गेली नव्हती.

क्रांतीनं उरलेला चहा गवतात ओतला. पातेलं राखेनं घासलं. मोटारसायकलशी जाऊन एका जारचं झाकण पिळून उघडलं, दोन्ही हातांनी जार तिरपा करून पातेल्यात त्यातलंच पाणी घेतलं आणि पातेलं विसळलं. पुन्हा तेच पाणी दोन कपांपुरतं घेतलं. विझत आलेल्या चुलीत काटक्या सारल्या, फुंकर घालून जाळ केला. तांब्याच्या तळाशी राहिलेलं दूध टाकलं. ह्या वेळी ते फाटलं नाही.

मग तिनं दोन कप भरले, एक मामाच्या हातात दिला, आणि दुसरा घेऊन त्याच्याजवळ मांडी घालून बसली.

"मामा," ती म्हणाली, "आता भांड माज्यासंगं."